माऊस जीएम-सीएसएफचा नवा लॉट: तेवढ्याच नॅनोग्रॅमला निम्म्याच पेशी का येतात?

परळ_कल्चर

नमस्कार. सी५७बीएल/६ उंदरांच्या बोनमॅरोपासून (अस्थिमज्जेपासून) डेन्ड्रिटिक पेशी, म्हणजे प्रतिकारसंस्थेतल्या एक प्रकारच्या पेशी, वाढवायच्या आहेत. पद्धत नेहमीचीच: १० सेंमीच्या बॅक्टेरियॉलॉजिकल पेट्री डिशमध्ये १० मिली आरपीएमआय मिडियम, २० लाख पेशी, १० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाचं सीरम), ५० मायक्रोमोलर २-मर्कॅप्टोइथेनॉल आणि २० नॅनोग्रॅम/मिली रिकॉम्बिनंट माऊस जीएम-सीएसएफ (पेशींना वाढीचा संदेश देणारं प्रथिन, म्हणजे सायटोकाइन). तिसऱ्या दिवशी सायटोकाइनसकट आणखी १० मिली मिडियम, सहाव्या आणि आठव्या दिवशी निम्मं मिडियम बदलायचं.

जुना लॉट असेपर्यंत डिशमध्ये पेशींचे झुबके भरपूर यायचे. नव्या लॉटवर संख्या जवळजवळ निम्म्यावर आली आहे, आणि एलपीएस (जिवाणूंच्या कवचातलं एण्डोटॉक्सिन) न घातलेल्या कंट्रोलमध्येही सीडी८६, म्हणजे पेशी जाग्या झाल्याची खूण, चढलेलं दिसतंय.

व्हायल २० मायक्रोग्रॅमची, ई. कोलायमध्ये बनवलेली, कॅरिअर-फ्री (सोबत बीएसएसारखं आधाराचं प्रथिन नसलेली), लायोफिलाइज्ड (गोठवून सुकवलेली). ती १ मिली पीबीएसमध्ये विरघळवून व्होर्टेक्स केली. त्यातून पीबीएसमध्येच दसपट पातळ करून २ मायक्रोग्रॅम/मिलीचा वर्किंग स्टॉक केला, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढून ४ अंशांवर ठेवला. उरलेलं मायनस २० ला आहे. सर्टिफिकेटवर जुन्या लॉटचा ईडी५० (निम्मा परिणाम देणारी मात्रा) ‘०.१ नॅनोग्रॅम/मिलीपेक्षा कमी’ आहे, नव्याचा ‘०.२ पेक्षा कमी’. शुद्धता दोन्हींची ९५ टक्क्यांच्या वर, एण्डोटॉक्सिन १ ईयू (एण्डोटॉक्सिन युनिट) प्रति मायक्रोग्रॅमच्या खाली.

लॉट सदोष म्हणून कंपनीला कळवावं का, की आधी काही तपासावं? शेजारच्या लॅबकडे ह्यूमन जीएम-सीएसएफ शिल्लक आहे, तोवर ते वापरलं तर चालेल का?

मज्जापेशी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, म्हणजे उगाच उंदीर वाया जाणार नाहीत. ह्यूमन जीएम-सीएसएफ उंदराच्या पेशींवर चालत नाही, आणि माऊसचं माणसाच्या पेशींवर चालत नाही. आयएल-३, आयएल-४ आणि इंटरफेरॉन गॅमा यांचंही तेच, ज्या प्राण्याच्या पेशी त्याचंच प्रथिन घ्यायचं. एम-सीएसएफचं गणित एकतर्फी आहे: ह्यूमनचं उंदराच्या पेशींवर छान चालतं, माऊसचं माणसाच्या पेशींवर नाही. आयएल-६ सुद्धा तसंच. ह्यूमन आयएल-२ उंदराच्या टी पेशींना पुरतं. फ्लट३ लिगंड दोन्हीकडे चालतं. ह्यूमन टीएनएफ मात्र फसवं आहे. उंदराच्या टीएनएफ रिसेप्टर १ ला ते धरतं, रिसेप्टर २ ला धरत नाही. परिणाम दिसतो, पण अर्धवट, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो.

प्रथिनपेटी

कंपनीला मेल पाठवण्याआधी स्टॉक कसा केला त्याकडे बघा. तुम्ही दिलेल्या वर्णनात प्रथिन हरवायच्या तीन जागा एकापाठोपाठ आल्या आहेत, आणि माझ्या मते तुमच्या डिशमध्ये २० नॅनोग्रॅम/मिली पोचतच नाहीये.

पहिली जागा म्हणजे २ मायक्रोग्रॅम/मिलीचा बिनकॅरिअरचा स्टॉक. माऊस जीएम-सीएसएफ साधारण १४ किलोडाल्टनचं लहान प्रथिन आहे. इतक्या पातळ द्रावणात प्लॅस्टिकची भिंत त्यातलं बरंचसं ओढून घेते. पॉलिस्टायरीनच्या ट्यूबमध्ये जास्त, साध्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये कमी, लो-बाइंडमध्ये आणखी कमी, पण शून्य कुठेच नाही. ट्यूब जितके दिवस फ्रीजमध्ये राहील तितकी मात्रा उतरत जाते, म्हणून पहिल्या आठवड्यातलं कल्चर बरं येतं आणि पुढचं बसतं. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) ०.१ टक्का घातलं की भिंतीवरच्या जागा तेच अडवतं आणि तुमचं प्रथिन द्रावणात राहतं. जुना लॉट कॅरिअरसकट होता का, ते लेबलवर बघून घ्या. एकाच कॅटलॉगमध्ये दोन्ही प्रकार असतात आणि क्रमांकात एखाद्या अक्षराचाच फरक असतो. तसं असेल तर निम्मं कोडं इथेच सुटलं.

दुसरी जागा फिल्टर. नायट्रोसेल्युलोज आणि नायलॉन प्रथिन भरपूर धरतात, पीईएस आणि पीव्हीडीएफ कमी. पण २ मायक्रोग्रॅम/मिलीवर, बीएसएशिवाय, चांगल्या फिल्टरमध्येही लक्षात येण्याइतकं अडकतं. व्हायलमधला माल बहुतेक वेळा निर्जंतुक गाळूनच भरलेला असतो. निर्जंतुक पाणी, निर्जंतुक बफर आणि हूडमध्ये नीट काम, एवढं पुरतं. गाळायचंच असेल तर सीरम असलेलं तयार मिडियम गाळा. सीरममधली प्रथिनं फिल्टरच्या जागा भरून टाकतात.

तिसरी व्होर्टेक्स. फेस आला की हवा आणि पाणी यांच्या सीमेवर प्रथिन उलगडतं, आणि उलगडलेले रेणू एकमेकांना चिकटतात. ईएलायझात (अँटिबॉडीने प्रथिन मोजणाऱ्या चाचणीत) ते कदाचित दिसेलही, पेशींना मात्र त्याचा उपयोग नाही.

आता २० मायक्रोग्रॅमच्या व्हायलसाठी माझी पद्धत लिहितो.

व्हायल फ्रीझरमधून काढून बंदच ठेवा, डेसिकेटर असेल तर त्यात, १५ ते २० मिनिटं. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत थंड व्हायल उघडली की आत लगेच दमट हवा शिरून पाणी धरतं. मग एक छोटा स्पिन द्या. कॅरिअर-फ्री व्हायल कित्येकदा रिकामी वाटते. २० मायक्रोग्रॅम म्हणजे काचेवरचा पुसट पापुद्रा, तोही कधी बुडाशी, कधी खांद्याला, कधी बुचाच्या आतल्या बाजूला. स्पिन न देता बूच काढलं तर काही भाग बुचाबरोबरच जातो.

डेटाशीटमध्ये सांगितलेला द्रव २०० मायक्रोलिटर घाला, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम/मिली झालं. भिंतीवरून हळू सोडा, व्हायल तिरपी करून फिरवा, रूम टेंपरेचरला १० ते १५ मिनिटं राहू द्या. घाईने पिपेट वरखाली करायची गरज नाही. द्रव कोणता हे प्रत्येक प्रथिनाला वेगळं असतं, सवयीने पीबीएस घेऊ नका. टीजीएफ-बीटा१ ला ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, उलट इंटरफेरॉन गॅमा आम्लात खलास होतं.

त्यानंतर बीएसए शेवटी ०.१ टक्का होईल इतकं घाला आणि लो-बाइंड ट्यूबमध्ये २० मायक्रोलिटरचे १० अ‍ॅलिकॉट (छोटे वाटे) करा. प्रत्येकात २ मायक्रोग्रॅम येतं, म्हणजे २० नॅनोग्रॅम/मिलीच्या हिशेबाने १०० मिली मिडियम. एका अ‍ॅलिकॉटमधून एकदाच मिडियम करायचं, उरलं तर ४ अंशांवर आठवडाभरात संपवायचं, परत गोठवायचं नाही. १० मायक्रोग्रॅम/मिलीपेक्षा पातळ आणि १० मायक्रोलिटरपेक्षा लहान अ‍ॅलिकॉट करू नका. लहान थेंबाला भिंत जास्त लागते आणि फ्रीझरमध्ये तो सुकतोही.

गोठवायचं ते मायनस ८० ला. मायनस २० चा फ्रीझर फ्रॉस्ट-फ्री असेल तर तो बर्फ वितळवायला ठरावीक वेळाने आपणहून गरम होतो, आणि आतले छोटे अ‍ॅलिकॉट दार न उघडताही पुन्हा पुन्हा वितळून गोठतात. शिवाय सोडियम फॉस्फेटचा बफर सावकाश गोठला की डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाहेर पडतं आणि उरलेल्या द्रावणाचा पीएच खाली येतो. म्हणून अ‍ॅलिकॉट छोटे करून पटकन गोठवायचे.

मात्रा_आणि_मापन

वरच्या उत्तराशी सहमत आहे. फक्त ईडी५० च्या आकड्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण त्यावरून लॉटला दोष देणं सोपं वाटतं.

ईडी५० नॅनोग्रॅम/मिलीमध्ये असेल तर १० लाखांना त्याने भागा, युनिट प्रति मिलिग्रॅम मिळतात. ०.१ ला १ कोटी युनिट, ०.२ ला ५० लाख. तुमच्या २० नॅनोग्रॅम/मिलीत जुन्या लॉटची २०० युनिट होती, नव्याची १००. कागदावर निम्मं दिसतं. पण ‘पेक्षा कमी’ हे शब्द वाचा. ती मोजलेली किंमत नाही, पास होण्याची मर्यादा आहे. खरा ईडी५० दोन्ही लॉटचा ०.०५ सुद्धा असू शकतो. कंपनीला मेल करायचाच तर एवढंच मागा: या लॉटचा मोजलेला ईडी५०, कोणत्या पेशींवर काढला ते, आणि त्याचा ग्राफ. काही कंपन्या एफडीसी-पी१ पेशी वापरतात, काही दुसऱ्या, आणि वेगवेगळ्या पेशींवरची युनिट एकमेकांशी ताडता येत नाहीत. डब्ल्यूएचओच्या संदर्भ नमुन्याशी जुळवलेली आंतरराष्ट्रीय युनिट दिली असतील तरच दोन कंपन्यांची तुलना करा.

आता मुख्य मुद्दा. बोनमॅरो कल्चरमध्ये २० नॅनोग्रॅम/मिली ही सढळ मात्रा आहे, मात्रा आणि पेशीसंख्येचा वक्र सपाट झाल्यानंतरची. तिथे ताकद निम्मी झाली तरी पेशी निम्म्या होऊ नयेत. तुमच्या झाल्या, म्हणजे तुम्ही वक्राच्या उतारावर आहात. लॉट मोजणीत निम्मा असल्याने एवढा फरक पडत नाही. डिशमध्ये पोचणारी मात्रा कित्येक पट खाली गेल्याशिवाय हे होत नाही. म्हणून माझाही संशय स्टॉकवरच आहे.

तर्कावर न थांबता समोरासमोर लावून बघा. त्याच लॉटची न उघडलेली एक व्हायल वरच्या पद्धतीने विरघळवा. १२ वेलच्या नॉन-ट्रीटेड प्लेटमध्ये प्रत्येक वेलला १ मिली, २ लाख बोनमॅरो पेशी. घनता तुमच्या डिशइतकीच ठेवायची, कारण पेशी जास्त झाल्या की त्या सायटोकाइन लवकर संपवतात आणि वक्र सरकतो. मात्रा ०, २.५, ५, १०, २० आणि ४० नॅनोग्रॅम/मिली; एक रांग ताज्या स्टॉकची, दुसरी फ्रीजमधल्या वर्किंग स्टॉकची, सगळं डुप्लिकेट. शून्याची वेल सामाईक ठेवली तर २२ वेल होतात, दोन प्लेटमध्ये बसतात आणि एका उंदराच्या दोन मांड्या-दोन पोटऱ्यांच्या हाडांतल्या पेशी सहज पुरतात. तिसऱ्या दिवशी त्याच मात्रेचं १ मिली मिडियम. सातव्या दिवशी तरंगत्या आणि हलक्या चिकटलेल्या पेशी काढून मोजा, मेलेल्या वगळणारा रंग घालून सीडी११सी, सीडी११बी आणि एमएचसी-२ या पेशींवरच्या खुणांचं स्टेनिंग करा.

ताज्याची रांग १० पासून सपाट आणि जुन्या स्टॉकची ४० लाही चढतीच असेल, तर लॉट ठीक आहे, स्टॉक टाकून द्या. दोन्ही रांगा ४० ला चढत्या असतील तर लॉटबद्दल तक्रार करायला तुमच्याकडे ग्राफ आहे, आणि ग्राफ असला की कंपनी बदलून देण्याचं मनावर घेते. दोन्ही सपाट पण संख्या कमीच असेल तर सायटोकाइन सोडा आणि एफबीएसचा लॉट, मर्कॅप्टोइथेनॉलचं वय आणि प्लेट बघा. चुकून टिश्यू कल्चर ट्रीटेड प्लेट घेतली की मॅक्रोफेज (भक्षक पेशी) घट्ट चिकटून बसतात आणि तरंगणाऱ्या पेशी कमी भरतात.

हाताशी ईएलायझा किट असेल तर वर्किंग स्टॉक त्यावर चालवा. आकडा २ मायक्रोग्रॅम/मिलीच्या बराच खाली आला तर प्रथिन भिंतीला किंवा फिल्टरला गेलं. आकडा पूर्ण आला आणि पेशी तरी वाढत नाहीत, तर प्रथिन आहे पण मोडलेलं आहे. ब्रॅडफर्ड किंवा ए२८० या प्रथिन मोजायच्या पद्धती इथे कामाच्या नाहीत; बीएसए घातलेल्या स्टॉकमध्ये त्या फक्त बीएसए मोजतात.

आणि हे प्रत्येक नव्या लॉटला करा. एका उंदराचा खर्च आहे, पण सहा महिन्यांचा डेटा दोन लॉटमध्ये विभागला गेला तर तो कशालाच जुळत नाही.

ज्वरजनक

सीडी८६ बद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

आधी हिशेब. सर्टिफिकेटची कमाल मर्यादा धरली, १ ईयू प्रति मायक्रोग्रॅम, तरी २० नॅनोग्रॅम/मिलीला डिशमध्ये ०.०२ ईयू/मिली येतं. १ ईयू म्हणजे ढोबळमानाने १०० पिकोग्रॅम एलपीएस, म्हणजे २ पिकोग्रॅम/मिली. एवढ्याने डेन्ड्रिटिक पेशी सहसा जाग्या होत नाहीत. लॅबमध्ये स्वतः शुद्ध केलेल्या हिस-टॅगच्या प्रथिनात ५० ईयू प्रति मायक्रोग्रॅम असणं नवलाचं नाही. तिथे तोच हिशेब १ ईयू/मिली, म्हणजे १०० पिकोग्रॅमवर जातो आणि कंट्रोल बिघडतो.

तेव्हा विकतच्या प्रथिनापेक्षा आजूबाजूचं तपासा. फ्रॅक्शन ५ चं साधं बीएसए हा मोठा स्रोत आहे. वर सगळे बीएसए घाला म्हणतायत, ते बरोबर आहे, पण लो-एण्डोटॉक्सिन असं लिहिलेलंच घ्या, नाहीतर एक दुखणं काढून दुसरं घ्याल. पाण्याच्या यंत्राचं कार्ट्रिज जुनं झालं की आत जिवाणूंचा थर बसतो. ऑटोक्लेव्हने जिवाणू मरतात, एण्डोटॉक्सिन तसंच राहतं. काचेवरचं घालवायला कोरड्या ओव्हनमध्ये २५० अंश, ३० मिनिटं लागतात. थोड्या कामासाठी मेडिकलच्या दुकानात मिळणारे इंजेक्शनच्या पाण्याचे अँप्युल उत्तम. त्या पाण्याची मर्यादा ०.२५ ईयू/मिली आहे. प्रिझर्व्हेटिव्ह असलेलं, बेन्झिल अल्कोहोलचं, घेऊ नका.

शंका प्रथिनावरच असेल तर परीक्षा सोपी आहे. आरएडब्ल्यू २६४.७ (उंदराच्या मॅक्रोफेजसारख्या) पेशींवर तीन नमुने लावा: प्रथिन तसंच, १०० अंशांवर ३० मिनिटं उकळलेलं, आणि १० मायक्रोग्रॅम/मिली पॉलिमिक्सिन बी (एलपीएसला निष्प्रभ करणारं प्रतिजैविक) बरोबर. बाजूला एलपीएसचा पॉझिटिव्ह कंट्रोल. १८ ते २४ तासांनी टीएनएफ मोजा. उकळूनही टीएनएफ तेवढंच येत असेल आणि पॉलिमिक्सिनने पडत असेल तर ते एलपीएस. उकळल्यावरही येतं आणि पॉलिमिक्सिनने पडत नाही, तर जिवाणूंच्या लिपोप्रोटीनचा विचार करा, ई. कोलायच्या प्रथिनात तीही येतात, टीएलआर२ या रिसेप्टरवरून काम करतात आणि एण्डोटॉक्सिनच्या चाचणीत दिसत नाहीत. अशा वेळी एचईके किंवा सीएचओ या सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवलेलं प्रथिन घ्या.

पण तुमच्या बाबतीत मी आधी हाताळणीकडे बघेन. जीएम-सीएसएफ कल्चरमधले झुबके पिपेटने जोरात फोडले की डेन्ड्रिटिक पेशी एलपीएसशिवायही पक्व व्हायला लागतात. आठव्या दिवशी सेंट्रिफ्यूज करून मिडियम बदलता आणि लगेच दुसऱ्या दिवशी स्टेन करता, असं असेल तर सीडी८६ चढणारच. शिवाय या कल्चरमध्ये सगळ्या सीडी११सी पॉझिटिव्ह पेशी डेन्ड्रिटिक नसतात. सीडी११बी जास्त आणि एमएचसी-२ मध्यम असलेला गट मॅक्रोफेजसारखा असतो. सायटोकाइन कमी पडून दोन गटांचं प्रमाण बदललं तरी सरासरी सीडी८६ सरकते. म्हणून फ्लो सायटोमेट्रीत दोन गटांचे गेट वेगळे लावून सीडी८६ बघा, एकत्र सरासरी देऊ नका.

परळ_कल्चर

सगळ्यांचे मनापासून आभार. लेबल तपासलं: जुना लॉट बीएसएसकट होता, नवा कॅरिअर-फ्री आहे. समोरासमोरची प्लेट लावतो आहे. मायनस २० ला उरलेला २० मायक्रोग्रॅम/मिलीचा स्टॉक आहे, त्यात आता बीएसए घालून तो वाचेल का? आणि मॅक्रोफेजसाठी एम-सीएसएफही लागणार आहे, ते विकत घ्यावं की एल९२९ पेशींचं (त्या एम-सीएसएफ बाहेर सोडतात) मिडियम वापरावं? खारघरची एक लॅब त्यांचा अ‍ॅलिकॉट द्यायला तयार आहे, तो आणायचा कसा?

प्रथिनपेटी

भिंतीला गेलेलं प्रथिन बीएसए नंतर घालून परत येत नाही, फक्त पुढचं नुकसान थांबतं. तो स्टॉक त्या प्लेटमध्ये तिसरी रांग म्हणून लावा, प्रयोगासाठी वापरू नका. लेबलवरच्या आकड्यावर विसंबता येईल असा तो राहिलेला नाही. आणि कॅरिअर-फ्री माल मुद्दाम मागवला नसेल तर पुढच्या ऑर्डरला बीएसएसकटच घ्या. कॅरिअर-फ्रीची खरी गरज प्रथिनाला रंग किंवा बायोटिन जोडताना, किंवा उंदराला टोचताना; कल्चरमध्ये तसंही १० टक्के सीरम असतंच.

मज्जापेशी

मॅक्रोफेज नुसते वाढवायचे असतील तर एल९२९ पुरेसं आहे. पेशी पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या) सेल रिपॉझिटरीतून मागवता येतात. टी-७५ फ्लास्कमध्ये ५ लाख पेशी, ५० मिली मिडियम, सात दिवस. वरचं मिडियम सेंट्रिफ्यूज करून गाळा आणि ५० मिलीच्या ट्यूबमध्ये गोठवा. इथे गाळायला हरकत नाही, सीरम आहे. बोनमॅरोला २० ते ३० टक्के घाला. एका वेळी बरेच फ्लास्क लावून सगळं एकत्र मिसळा, म्हणजे बॅच मोठी होते आणि एकदाच टायट्रेट करावी लागते. इंटरफेरॉनचे मार्ग किंवा मेटाबॉलिझम मोजणार असाल तर मात्र रिकॉम्बिनंट एम-सीएसएफच घ्या, २० ते २५ नॅनोग्रॅम/मिली. एल९२९ च्या मिडियममध्ये एम-सीएसएफशिवाय बरंच काही असतं आणि ते बॅचगणिक बदलतं. विकत घेतलेलं एम-सीएसएफ डायसल्फाइडने जोडलेला डायमर असायला हवं. नॉन-रिड्यूसिंग जेलवर पट्टा वर आणि रिड्यूसिंगवर खाली, असा फोटो डेटाशीटवर बघून घ्या. डायमर सुटला तर काम जवळपास संपतं.

खारघरहून आणताना कोरडा बर्फ भरलेला डबा घट्ट बंद करून गर्दीच्या लोकलमध्ये नेऊ नका, वायू साठून झाकण उडतं. ०.१ टक्का बीएसए असलेला अ‍ॅलिकॉट सरळ साध्या बर्फावर वितळू द्या, ट्यूबला पॅराफिल्म लावा, थर्मासमध्ये उभी ठेवा आणि आल्या आल्या मिडियममध्ये घाला. जेवढं लागेल तेवढंच मागा, कारण ते परत गोठवायचं नाही.

नव्या व्हायलची ऑर्डर देताना माल सोमवारी किंवा मंगळवारी पोचेल असं लिहून घ्या. सहारच्या कार्गोत शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की पार्सल तिथेच बसतं, आणि हिंदमाताला पाणी भरलं त्या दिवशी परळला कुरियर येतच नाही. लायोफिलाइज्ड व्हायलबरोबरचे जेल पॅक वितळलेले दिसले तरी घाबरू नका, कोरडं प्रथिन काही दिवस रूम टेंपरेचरला टिकतं. बूच सैल आहे का आणि पापुद्रा ओला होऊन बुडाशी गोळा झालाय का, तेवढं उजेडात धरून बघा. द्रव स्वरूपात कोरड्या बर्फावर पाठवलेला माल असेल आणि डब्यात बर्फाचा खडाही उरला नसेल, तर घेणाऱ्याच्या सहीआधी फोटो काढा आणि चलनावर तसं लिहा.